सुई हलू नये म्हणून

परवा सकाळी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बोअरची गाडी येऊन उभी राहिली. हैदराबादेत एप्रिल लागला हे मला कॅलेंडरवरून कधी कळत नाही, या गाडीवरून कळतं. आधी ती नुसतीच घुरघुरत राहते, मग तिचा दांडा जमिनीत शिरतो, पांढरी भुकटी सगळ्या गल्लीवर पसरते आणि ठोके सुरू होतात. दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं, फक्त दात सगळ्या मोहल्ल्याचा. मी खिडक्या लावून घेतल्या आणि वळले, तर टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं. मी हातातलं काम ठेवून बघत उभी राहिले. या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून इथलं पाणी असं हललेलं मी पाहिलंच नव्हतं.

आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण आलं गं?"

"कोणी नाही बाबा. बोअर मारतायत शेजारी."

"असं होय," ते म्हणाले.

कोण आलं, असं त्यांनी का विचारलं ते मला लगेच समजलं. घर हललं की कोणीतरी आलेलं असतं, हे आम्ही दोघं नारायणगुड्याच्या घरात शिकलो होतो.

तिथं आम्ही हबीब साहेबांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खाली ते आणि त्यांचं कुटुंब, वर आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी. माडीची जमीन लाकडी तुळयांवर बसवलेली होती आणि वर शहाबादी फरशी. दिसायला भक्कम, पण चालणाऱ्याचं पाऊल सगळ्या घराला कळायचं. हबीब साहेब जिना चढू लागले की मांडणीतल्या वाट्या आधी बोलायच्या. दूधवाला आला की कपाटाचं दार किणकिणायचं. मोठ्या रस्त्यावरून बस गेली तर ते वेगळं, खिडकीच्या गजांना कळायचं. दाराला कडी होती, पण ती कोणी वाजवावी लागायचीच नाही. आता आमच्या दाराला बेल आहे, तिच्यात पाखरांचा आवाज आहे. शेजारच्या फ्लॅटमधले गृहस्थ गेले तेव्हा दारापुढे चपलांचा ढीग दिसला म्हणून आम्हाला समजलं. भिंत एकच, पण त्या भिंतीनं आम्हाला काही सांगितलं नाही.

माडीवरच्या सगळ्या पावलांत आईचं पाऊल ओळखू यायचं. लग्नानंतर वर्षाच्या आतच सायकलरिक्षा उलटून ती पडली होती आणि खुब्याचं हाड नीट बसलं नाही. एक पाऊल हलकं पडायचं, दुसरं धप्पकन. हलकं, धप्प. हलकं, धप्प. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच चालतात. शाळेत मैत्रिणीची आई सरळ चालत आली तेव्हा मला ते चोरासारखं चालणं वाटलं होतं.

मी जो उन्हाळा सांगते आहे त्या वर्षी माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा होती. शहराला तेव्हा जुनं टाकून द्यायची घाई झाली होती. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, बंगले पाडून अपार्टमेंट उठत होती, अपार्टमेंटला पाणी हवं म्हणून गल्लीगल्लीत बोअर मारले जात होते, आणि एकानं मारला की शेजारच्याचं पाणी आटायचं, म्हणून शेजारीही मारायचा. रेकॉर्डी तर लोक पोत्यात भरून रद्दीला देत. आबिदच्या बाजारात फुटपाथवर रविवारी त्यांचे ढीग लागायचे आणि गिऱ्हाईक कोण, तर माझे बाबा. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. जग ज्या दिशेला निघालंय तिच्या बरोब्बर उलट दिशेला जायची त्यांना सवय होती, आणि नकाशा वाचता येणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, असं आई म्हणायची.

तशातच त्यांच्या शाळेतल्या एका पालकांनी शिकागोला मुलाकडे कायमचं जाताना घरातलं सामान काढलं आणि एक परदेशी टर्नटेबल बाबांच्या पदरात पडलं. जड, काळं, नाजूक हातासारखी दांडी असलेलं. आमचा जुना ग्रामोफोन बिचारा कशावरही वाजायचा, त्याला आईच्या पावलाचं काही नव्हतं. पण हे नवीन यंत्र हलक्या सुईचं होतं. आवाज असा, की गाणारी बाई श्वास कुठं घेते तेही ऐकू यावं. आणि आईनं खोलीत दोन पावलं टाकली की सुई उडून पुढच्या कडव्यावर.

"सावकाश!" बाबा ओरडायचे.

आता, सावकाश चालल्यानं आईचा धप्प हलका होत नव्हता, उलट जास्त जोरात पडायचा. हे बाबांनाही माहीत होतं. पण सुई उडाली की त्यांच्या तोंडातून शब्द निघून गेलेला असायचा. आई उंबऱ्यातच थांबायची, हातातलं काय असेल ते माझ्याकडे द्यायची आणि परत फिरायची. काही दिवसांनी ती उंबऱ्यापर्यंतही येईनाशी झाली. बाबांनी रेकॉर्ड लावायला काढली की ती स्वयंपाकघरात पाटावर बसून घ्यायची आणि गाणं संपेपर्यंत उठायची नाही. गॅसवर काही असेल तर आधी गॅस बंद करायची.

यातलं वाईट हे, की गाणं आईचं होतं. बाबांना यंत्राचं वेड, गाण्याचं वेड आईला. परभणीला माहेरी ती शिकलेली होती. एक ठुमरीची रेकॉर्ड लग्नानंतर तिनं हट्टानं घ्यायला लावली होती, आणि ती लागली की स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं यायचं, अर्ध्या आवाजात. त्या रेकॉर्डच्या मधोमध एक जागा आहे, तिथं गाणारी बाई एका स्वरावर थांबते आणि तबलाही थांबतो. आईचंही गुणगुणणं थांबायचं. इकडे बाबा, मध्ये गॅलरीत रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून मी, आणि तिकडे भिंतीपलीकडे ती, तिघंही त्या रिकाम्या जागेत थांबलेले असायचो. पण तिनं बाहेरच्या खोलीत, खुर्चीत बसून ते कधीच ऐकलं नव्हतं.

मग बाबांनी ते उन्हाळ्याचं काम काढलं. शाळेला सुट्टी लागली होती. सुई हलू नये म्हणून काय करता येईल, याचा त्यांनी ध्यास घेतला. यंत्र एका शिसवी तिपाईवर असायचं. पहिल्यांदा त्या तिपाईवर शहाबादी फरशीचा तुकडा आला. वजन वाढलं की हलणार नाही, असा हिशेब. पण जमीनच हलते तिथं वजनानं काय होणार, फरशीसकट सगळं हललं. मग बेगम बाजारातून रबराच्या गोट्या आल्या. मग एका परातीत वाळू. त्या वाळूत मांजर काय करून गेलं ते सांगायला नको. मग सायकलची ट्यूब अर्धवट फुगवून फरशीखाली घातली. रस्त्यावरच्या बसचा थरकाप तिनं खाऊन टाकला, बाबा आनंदानं हसले, मला म्हणाले, "शैला, आता तू जरा चालून दाखव." मी चालले. सुई जागची हलली नाही.

"असं नाही. आईसारखं चाल."

मी आईसारखं चालून दाखवलं. हलकं, धप्प. फरशी ट्यूबवर होडीसारखी डोलली आणि सुई घसरत जाऊन रेकॉर्डच्या कडेला आपटली. मी हसले. बाबा हसले नाहीत. मी वळून पाहिलं तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला तिची नक्कल करताना तिनं पाहिलं होतं. ती आत वळली आणि फोडायला घेतलेल्या कैऱ्या फोडत बसली.

त्यानंतर बाबांनी छताच्या कड्यांना दोऱ्या बांधून यंत्र झोपाळ्यासारखं टांगून पाहिलं. ते पंख्याच्या वाऱ्यानं झोके घेऊ लागलं. पंखा बंद केला तर आम्ही घामानं निथळलो. लोडशेडिंग होतंच. एकंदर तो उन्हाळा फार वाईट होता. नळाला एक दिवसाआड पाणी, अंगाला चिकटणारी सगळीकडची भुकटी, आणि घरात एक अशी शांतता, की जी कोणाच्या भांडणानंतर येते पण भांडण तर झालेलं नसतं. आई दिवसेंदिवस कमी चालू लागली. रेकॉर्ड नसली तरी. माझ्या लक्षात येत होतं, की घर कमी हलतंय.

एका संध्याकाळी मी खालून बादली आणायला गेले होते. बाबा हबीब साहेबांच्या ओट्यावर बसले होते. हबीब साहेब बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, नकाशे काढण्यात आयुष्य गेलेलं. ते बाबांची थट्टा करत होते.

"मास्टर साब, इत्ते परेशान कायकू होरे? भाभी को बोलो ना, गाना बजे तो जरा बैठ जाओ बोलके."

"वोइच तो नक्को होना, हबीब साब," बाबा म्हणाले. "उनों बैठना नक्को. उनों चलना, कित्ता भी चलना, और सुई नहीं हिलना. गाना तो उनकाच है. मेरेकू तो ये मशीन भी नक्को."

मी बादली घेऊन जिन्यात थांबले. इतकं सरळ वाक्य मी बाबांच्या तोंडून मराठीत कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडच्या पुरुषांचं हे असंच होतं. घरात मराठी, ती हिशेबाची, औषधाची, "सावकाश"ची. मनातलं काही आलं की ते खाली ओट्यावर जाऊन दखनीत बोलायचे. परक्या भाषेत लाज कमी वाटत असेल. आईलाही हे माहीत असणार, असं मी धरून चालले. नवराबायकोंना एकमेकांचं सगळं माहीत असतं, असं त्या वयात वाटतं.

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावत होती. बाबा दमून स्वयंपाकघराच्या दारात टेकले होते. त्या दिवशी त्यांनी स्पंजवर प्रयोग केला होता, तोही फसला होता.

आई पाठमोरीच म्हणाली, "काय करायलात हो इतके दिवस? माझा देवाचा दिवा बघा. मी चालले, पडले, नाचले तरी ज्योत हलत नाही. देव्हारा भिंतीत ठोकलाय. जमीन हलते आपली, भिंत कुठं हलते?"

बाबा बघतच राहिले. मग उठून देव्हाऱ्याजवळ गेले आणि म्हणाले, "जरा चाल बघू."

आई चालली. मांडणीतल्या वाट्या खणखणल्या. ज्योत ताठ.

"मग आधी का नाही बोललीस? दोन महिने मी..."

"कशाला बोलू?" आई म्हणाली. "मी तिकडं येऊ नये म्हणूनच चाललंय सगळं, असं वाटलं मला. माझ्यापासून मशीन वाचवायलात तुम्ही. मग मीच कसा उपाय सांगू?"

बाबांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, की उत्तर आहे, अगदी ओठांवर आहे, पण ते मराठीत येत नाही. ते वळले आणि तडातडा जिना उतरून खाली गेले. आईला वाटलं, रागावून गेले. तिनं दिव्याची वात सारखी केली आणि पदरानं तोंड पुसलं.

ते भिंतीत खिळे ठोकायची परवानगी मागायला गेले होते. ते परत आले आणि मागोमाग हबीब साहेबही वर आले. वाट्या बोलल्या, ते दारात आले, आणि रीतीप्रमाणे बाहेरच उभे राहून भिंतीकडे बघत आईशी बोलले.

"भाभी, ठोक लेने दो इनकू. मेरी दीवार समझ के नहीं, अपनी समझ के. दो महिने से मेरा सर खा रे. उनों चलना, सुई नहीं हिलना, बस येइच एक बात. आपके वास्तेच सारा खेल है."

आई दारामागे उभी होती. तिनं पदर तोंडावर दाबला. हसली की रडली, मला नक्की सांगता येणार नाही, दोन्हीही असेल. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं, समोरच्या पाडलेल्या घराचा ढिगारा होता.

जाताना हबीब साहेब जिन्यात बाबांना हळूच म्हणाले, "कित्ते भी मोटे खिले मारो मास्टर साब. किसकी दीवार, कैसी दीवार." त्याचा अर्थ पुढच्या महिन्यात समजला. त्यांच्या मुलांनी घर बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं आणि ते आम्हाला कसं सांगावं, हे त्यांना सुचत नव्हतं.

लोखंडी घोड्या भिंतीत बसल्या, वर फळी, फळीवर ती शहाबादी फरशी, फरशीवर यंत्र. बाबांनी ठुमरी लावली आणि दाराकडे बघून नुसती मान हलवली. आई आली. हलकं, धप्प. तिपाईवरचा तांब्या वाजला. सुई आपल्या जागी. आई गॅलरीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. त्या थांबण्याच्या जागेला ती खोलीच्या मधोमध होती. ती थांबली नाही. त्या रिकाम्या जागेत फक्त तिचं पाऊल वाजलं, धप्प, आणि मग तबला सुरू झाला. मग ती खुर्चीत बसली आणि डोळे मिटून घेतले. बाबा भिंतीला पाठ टेकून उभे होते. मला वाटतं, माझ्या आईबाबांचं खरं लग्न मी त्या दिवशी पाहिलं.

ते सुख आम्हाला फार थोडे दिवस मिळालं. ऐन पावसाळ्यात घर रिकामं करावं लागलं. आम्ही सामान काढत होतो तेव्हा आमच्या अंगणात बोअरची गाडी येऊन उभीही राहिली होती. हबीब साहेब मुलांबरोबर टोलीचौकीकडे गेले, एकदा ईदेला भेटले, मग ते वारल्याची खबर आली.

या फ्लॅटमध्ये जमीन सिमेंटची. इथं कोणाच्याही चालण्यानं काही हलत नाही. तरी बाबांनी पहिल्याच आठवड्यात भिंतीत फळी बसवून घेतली, सवयीनं. आता आईनं कुठंही चालावं, कितीही चालावं, सुईला कळणार नव्हतं. आणि इथंच तिचं चालणं हळूहळू सरलं. आधी खुबा, मग काठी, मग पलंगापासून खुर्चीपर्यंत, मग पलंगच. तिचा पलंग फळीच्या खोलीतच ठेवून आम्ही ठुमरी लावायचो. ती डोळे मिटून ऐकायची आणि त्या थांबण्याच्या जागी तिचा उजवा पाय चादरीखाली जरासा हलायचा. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता ती गेली.

नंतर कित्येक महिने बाबांनी यंत्रावरचं कापड काढलं नाही. एका दुपारी ठुमरी ऐकू आली म्हणून मी आत डोकावले. बाबा फळीसमोर भिंतीला हात लावून उभे होते आणि पाय आपटत होते. एकच पाय, आईचा धप्पकन पडायचा तोच. त्या वयाला जमेल तेवढ्या जोरानं. सुई शांतपणे चालली होती. मला बघून ते म्हणाले, "मुंग्या आल्यात पायाला," आणि पलंगावर बसले. मी बरं म्हणून निघून आले आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडले.

परवा बोअरचे ठोके सुरू झाल्यावर थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. "शैला, ती तिपाई रिकामी कर."

बाहेरच्या खोलीतल्या तिपाईवर माझी वर्तमानपत्रं असतात. मी ती काढली. त्यांनी यंत्र फळीवरून खाली घ्यायला लावलं आणि तिपाईवर ठेवलं, खाली फरशी नाही, रबर नाही, काही नाही.

"बाबा, हलेल ते. रेकॉर्डवर ओरखडे पडतील." हे मला त्यांनीच शिकवलेलं होतं.

"पडू देत," ते म्हणाले.

त्यांनी सुई ठेवली. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात आले. शेजारी दांडा जमिनीत आपटत होता, कपाटातल्या बशा किणकिणत होत्या. गाणं चालू झालं, जरा पुढे गेलं आणि सुई उडाली. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, अगदी पूर्वीचा, त्रासलेला.

"सावकाश!"

मी गॅस बंद केला आणि गाणं संपेपर्यंत जागची हलले नाही.

काल दिवसभर असंच चाललं होतं. आज दुपारी ठोके थांबले. पोरांचा ओरडा ऐकू आला, गल्लीत चिखलाचं पाणी वाहत आलं. मी बाहेर जाऊन पाहून आले. बाबांनी पुन्हा ठुमरी लावली होती. ती सुरुवातीपासून नीट, एकही उडी न घेता वाजत गेली, आणि ती थांबण्याची जागा येण्याच्या जरा आधी बाबांनी सुई उचलली.

"पाणी लागलं का त्यांना?" त्यांनी विचारलं.

"लागलं बाबा. चांगलं लागलं."

"म्हणजे उद्या यायचे नाहीत," ते म्हणाले, आणि यंत्रावर कापड घातलं.